तरवड लावा, पण त्याचे लाड करू नका

मधमाश्या, फुलपाखरं यावीत म्हणून बाग करायची ठरली की बहुतेक जण ऑनलाइन बियांचं पाकीट मागवतात. पाकिटावर 'रानफुलं' असं छापलेलं असतं आणि आत बऱ्याचदा निघतो पिवळा-नारिंगी कॉसमॉस. तो मूळचा मेक्सिकोचा. दिसायला देखणा, उगवायला सोपा आणि हाताबाहेर जायला त्याहून सोपा. पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी जे नारिंगी पट्टेच्या पट्टे दिसतात ते त्याचेच. त्याखाली आपलं गवत आणि आपली लहान रानफुलं गुदमरतात, हे फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

देशावरच्या कोरड्या मुलखाला स्वतःचं पिवळं फूल आहे. तरवड. माणसाच्या उंचीचं झुडूप, टोकाटोकाला पिवळ्याधमक फुलांचे घोस, आणि पाऊस दगा देऊन गेला तरी हिरवंच. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग, कुठल्याही एसटीच्या खिडकीतून तो दिसतो. मराठवाडा-सोलापूरकडे नवरात्रात घटाच्या माळेत त्याची फुलं असतात. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यफूल केलं. तिथल्या बतुकम्मा सणातल्या फुलांच्या रचनेत त्याचा मान मोठा. तमिळमध्ये त्याच्यावर म्हण आहे, आवारम, म्हणजे तरवड, फुललेला असताना मेलेला माणूस कुणी पाहिला आहे का, अशा अर्थाची. श्रीलंकेत त्याच्या फुलांचा चहा करतात. आपल्याकडे मात्र रोपवाटिकेत तरवड मागितला की मालक आधी तुमच्याकडे पाहतो आणि मग टिकोमाचं रोप पुढे करतो.

म्हणून हा लेख. ज्यांनी आजवर कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही त्यांनाही जमेल असं हे झाड आहे. अट एकच, त्याला झाडासारखं वाढू द्यायचं, पाहुण्यासारखं वागवायचं नाही. तरवड दुर्लक्षाने क्वचितच मरतो. जास्त पाण्याने मात्र हमखास मरतो.

आधी झाड नीट ओळखा

बी स्वतः गोळा करायचं असेल तर ही पायरी टाळू नका, कारण पिवळ्या फुलांची आणि चिंचेसारख्या पानांची बरीच झाडं आपल्याकडे आहेत.

तरवडाचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा सापडेल. पान संयुक्त, आठ ते बारा जोड्यांच्या लहान पर्णिकांचं. पण नजर पानावर नको, पान फांदीला जिथे जोडलेलं असतं तिथे न्या. तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोल, हिरवी, रुंद उपपर्णं असतात आणि ती गळून न पडता टिकून राहतात. ही खूण पक्की. दुसरी खूण पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध, देठावर उभी असलेली टाचणीच्या टोकाएवढी ग्रंथी. तिसरी शेंग: चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब, दोन बियांच्या मध्ये दबलेली. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि दोऱ्यासारखी असते, आणि झाड गुडघ्याएवढं, एका पावसाळ्याचं. कासविंदा थोडा उंच होतो, पण त्याची पानं मोठी आणि टोकदार, चुरगळली तर उग्र वास येतो. कासोद हा तर मोठा वृक्ष, रस्त्याकडेला लावलेला, आग्नेय आशियातून आलेला. टिकोमाची फुलं घंटेसारखी; ते अमेरिकेकडचं झाड, तरवडाच्या कुळातलंही नाही.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. कान बघा.

तुमच्याकडे तो रमेल का

तरवड कोरड्या हवेचा आहे. वर्षाला साधारण तीस-पस्तीस इंचांपर्यंत पाऊस असलेल्या भागात तो आनंदाने वाढतो. मुरमाड जमीन, खडकाळ बांध, चुनखडीची पांढरट माती, थोडी खारवट जमीन, सगळं चालतं. भारी काळ्या जमिनीतही येतो, मात्र पाणी साचता कामा नये. पुणे शहरात, नाशिकात, छत्रपती संभाजीनगरला, विदर्भाच्या पश्चिम भागात बिनधास्त लावा.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या मंडळींनी मात्र त्याच्या नादी लागू नये. तीन महिने अखंड भिजणारी लाल माती त्याला मानवत नाही. रोप जगलं तरी रडत-कुढत राहतं. तुमच्याकडे घागरी, म्हणजे ज्याला मुलं खुळखुळा म्हणतात, ती आहे. उंच पिवळी कणसं येतात, समुद्राकाठच्या वाळूतही वाढते, आणि तिच्या वाळत चाललेल्या झाडांवर ब्लू टायगरच्या जातकुळीतली फुलपाखरं झुंडीने येऊन बसतात. तिची लागवड जवळपास अशीच, फक्त ती साधारण वर्षभराची.

आणि सोनकी? कासच्या पठारावर पाहिलेली सोनकी घरी हवी असं अनेकांना वाटतं. ती तिथेच बरी. त्या पठारावरून फूल, बी, माती काहीही आणू नये, तिथे मनाईच आहे. आणि आणलं तरी गच्चीवरच्या डब्यात सह्याद्रीचं धुकं कुठून आणणार.

जागा निवडताना ऊन हा एकमेव मुद्दा आहे. दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवं. आंब्याच्या सावलीत तरवड लांबुडका होतो, फुलं विरळ येतात. पूर्ण वाढलेलं झुडूप पाच-सहा फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद होतं, त्यामुळे भिंतीपासून आणि वाटेपासून तेवढं अंतर ठेवा. कुंपणासाठी ओळीत लावायचं असेल तर दोन रोपांत तीन फूट पुरे. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावरचं जिवंत कुंपण म्हणूनही तो कामाचा.

गच्ची असेल तर अर्धा कापलेला मोठा ड्रम घ्या, किंवा निदान अठरा इंच खोल-रुंद कुंडी. याहून लहान भांड्यात सोटमूळ गोल फिरतं आणि झाड खुरटतं. तळाला भोकं भरपूर हवीत.

बी गोळा करणं

फुलं वर्षभर थोडीफार असतात, पण खरा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत. त्या बहराच्या शेंगा हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळतात. शेंग तपकिरी झाली, हलवल्यावर आत बी खुळखुळलं की तोडायची. हिरवी शेंग घरी आणून वाळवण्यात अर्थ नाही, बी अर्धंकच्चं राहतं.

रस्त्याकडेची, बांधावरची झाडं निवडा; शेत कुणाचं असेल तर विचारून. अभयारण्यातून किंवा राखीव वनातून नको. एकाच झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडण्यापेक्षा चार-पाच झाडांवरून थोड्या थोड्या घ्या. पुढे तुमच्या अंगणात दोन-तीन झाडं वेगवेगळ्या आईबापांची असतील तर फळधारणा चांगली होते.

घरी आणल्यावर शेंगा फोडून बी निवडा. कडधान्याला लागतात तसे भुंगेरे तरवडाच्या बियांनाही लागतात. ज्या बीला सुईच्या टोकाएवढं गोल भोक आहे ते आतून पोकळ झालेलं असतं, फेकून द्या. उरलेलं बी दोन दिवस उन्हात तापवून, राखेत किंवा कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणीवर महिना आणि ठिकाण लिहून चिकटवा. नीट ठेवलेलं बी पुढच्या वर्षीही उगवतं, घाई नाही.

बीला जागं करणं

नवख्यांचा तरवड इथेच अडतो. बी पेरलं, पाणी घातलं, महिना गेला, मातीवर तण आलं पण तरवड नाही. बी खराब नसतं. त्याचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. माळावर ऊन, पाऊस आणि खडीचं घासणं मिळून ते काम हळूहळू करतात आणि सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही. दुष्काळी मुलखात ही सोयच आहे, एका खोट्या पावसाला सगळी पोरं बळी जात नाहीत. आपल्याला मात्र यंदाच रोपं हवी असतात.

पातेल्यात पाणी उकळा. गॅस बंद करा. दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे उकळी पूर्ण बसेल. मग त्यात बी टाका. पाणी बियांच्या पाच-सहापट असू द्या. झाकण ठेवून रात्रभर तसंच गार होऊ द्या. उकळत्या पाण्यात किंवा गॅसवर ठेवून बी शिजवू नका.

सकाळी पाहिलं तर काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतील, काही होत्या तशाच. फुगलेल्या वेगळ्या काढा आणि त्याच दिवशी पेरा. त्या पुन्हा वाळल्या तर गेल्या. न फुगलेल्यांना परत तीच अंघोळ घाला. दुसऱ्यांदाही हट्ट धरणाऱ्या बियांना सुताराच्या काचकागदावर घासा, किंवा नेलकटरने कडेला बारीकसा चिरा द्या. चिरा बीच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला द्यायचा. डोळ्याजवळ कोंब असतो. मोजकंच बी असेल तर मी थेट नेलकटरच वापरायला सांगेन, हमखास उगवतं.

पेरणी

सर्वात चांगली वेळ मृगाचा पाऊस पडून जमिनीला घात, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आल्यावर. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा मध्य. उन्हाळ्यातही उगवतं, पण मग रोज पाण्यामागे तुम्हालाच धावावं लागतं. थंडीत पेरू नका.

शक्य असेल तर झाड जिथे हवं तिथेच बी टोका. तरवडाचं सोटमूळ पहिल्या काही आठवड्यांत वरच्या रोपापेक्षा जास्त लांब खाली उतरतं, आणि पुढची सगळी वर्षं झाड त्याच मुळाच्या जिवावर जगतं. जमिनीत हातभर खोल माती मोकळी करा, दगड असतील तर असू द्या, एका ठिकाणी तीन-चार बिया अर्धा इंच खोल टोका. आठवडा ते पंधरवड्यात उगवतात. रोपं वीतभर झाली की त्यातलं एक दणकट ठेवून बाकीची कात्रीने मुळाजवळ कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ दुखावतं.

पिशवीत करायची असतील तर उभट, खोल पिशवी घ्या. मिश्रण साधं: दोन भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, अर्धा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कोकोपीटची गरज नाही. रोप वीतभर उंच झालं की, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांत, जमिनीत लावा, आणि ते ऑगस्ट संपायच्या आत उरका, म्हणजे परतीच्या पावसाचा फायदा मिळतो. पिशवी ब्लेडने उभी चिरा आणि मातीचा गोळा न फुटता खड्ड्यात ठेवा. तळाशी मूळ वेटोळं झालेलं दिसलं तर तो भाग छाटून टाका. मोठी झालेली झाडं माळावरून खणून आणण्याचा विचारही करू नका, ती जगत नाहीत.

पहिलं वर्ष

पावसाळ्यात खुरपणी करा, बस. गाजर गवत आणि पसरणारं तण रोपाला झाकून टाकतं, तेवढं काढा. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवून नको.

पाऊस संपल्यावर जमिनीतल्या रोपाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज वाटीभर पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार: मूळ वरच्या वर रेंगाळतं, खाली जात नाही. पहिला उन्हाळा असाच आठवड्याच्या पाण्यावर काढा. दुसरा पावसाळा लागला की नळी गुंडाळून ठेवा. त्यानंतर जमिनीतल्या तरवडाला पाणी लागत नाही. कुंडीतल्याला लागतं, बोटभर खोल माती कोरडी झाली की द्यायचं.

पानं पिवळी पडून गळायला लागली की लोक आणखी पाणी घालतात. आधी माती उकरून पाहा. ओलीचिंब असेल तर पाणी बंद.

खत नको. शेणखताची मूठ पेरताना दिली ती पुरे. युरिया दिला तर पानांचं रान माजतं, फुलं हरवतात आणि मावा येतो. अनेकांना वाटतं की शेंगा येतात म्हणजे हा तुरी-हरभऱ्यासारखा हवेतला नत्र मुळांत साठवत असेल. तसं नाही. सेन्नाच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून शेतात गाडायची दक्षिणेत पद्धत आहे, ती वेगळी गोष्ट.

फुलं पहिल्या वर्षाच्या अखेरीस किंवा दुसऱ्या पावसाळ्यात सुरू होतात.

फुलाला भुंगाच का लागतो

खरं तर यासाठीच तरवड लावायचा. फूल जवळून पाहा. दीड-दोन इंच रुंद, पाच पाकळ्या, मध्ये दहा पुंकेसर. वरचे तीन वांझ. बाकीचे परागाने भरलेले, त्यातले खालचे लांब आणि बाहेर वळलेले. आता परागकोश बोटाने चोळा. काहीच हाताला लागत नाही. इतर फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग बाहेर सांडतो. तरवडाचे परागकोश बंदच असतात, टोकाला फक्त बारीकशी भोकं. वर या फुलात मधही नाही. एक थेंब नाही.

म्हणजे येणाऱ्याला फक्त पराग मिळणार, तोही कुलपात. ते कुलूप उघडतो मोठा काळा भुंगा. तो फुलावर बसतो, पुंकेसर पायांनी कवटाळतो, पंख हलवायचे थांबवतो, पण उडण्याचे स्नायू तसेच चालू ठेवतो. सगळं अंग थरथरतं, ती थरथर परागकोशात उतरते आणि भोकांतून पराग पिचकारीसारखा उडतो. आखूड पुंकेसरांचा पराग भुंगा पिल्लांसाठी गोळा करून नेतो. लांब पुंकेसरांचा त्याच्या अंगाला अशा जागी लागतो जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत, आणि तोच पुढच्या फुलाच्या कामी येतो.

हे कानांनी ओळखता येतं. सकाळी ऊन अंगावर येऊ लागलं की झाडाजवळ उभे राहा. भुंगा उडताना आवाज खर्जातला असतो. फुलावर बसला की मध्येच एकदम वरच्या पट्टीत, छोट्या छोट्या तुकड्यांत गुणगुणतो. ती परागाची वेळ. घरी शाळकरी मूल असेल आणि विज्ञानाच्या पेटीतला नादकाटा मिळाला तर तो वाजवून हलकेच परागकोशाला टेकवा, पिवळी धूळ उडालेली दिसते.

निळ्या पट्ट्यांची एकांडी मधमाशीही हे करते, काही बारक्या माश्याही. सातेरी, फुलोरी, आग्या या मधाच्या माश्यांना मात्र ही थरथर येत नाही. त्या आल्या तर भुंग्याने सांडलेला पराग वेचायला येतात. म्हणून 'तरवड लावला पण मधमाश्या फारशा दिसत नाहीत' ही तक्रार चुकीची आहे. पाहुणे दुसरे आहेत.

परसात वांगी, टोमॅटो लावत असाल तर हे पाहुणे फार मोलाचे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांतूनही पराग असाच टोकातून, थरथरीने बाहेर पडतो. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या तरवडासाठी आल्या की शेजारच्या वांग्यावरही जातात, आणि वांगी जास्त धरतात. भाजीच्या वाफ्याच्या कडेला, सावली पडणार नाही अशा बेताने एक-दोन तरवड हा म्हणूनच चांगला सौदा.

पण भुंग्याला स्वतःला जगायला मध लागतो आणि तो तरवड देत नाही. तेवढी सोय जवळपास करा. बांधाला रुई असेल तर काढू नका, भुंगे तिच्यावर दिवसभर असतात. तूर, ताग, शेवगा, तुळस, काहीही चालेल. नुसता तरवड लावून बाकी सगळीकडे फरशी घातली तर भुंगा येणार नाही.

राहायला त्याला वाळकं लाकूड लागतं. तो त्यात नळीसारखं बीळ कोरतो. वाळलेला वासा, शेवग्याची मेलेली फांदी, जुना बांबू, यातलं काहीतरी बागेच्या कोपऱ्यात पावसापासून आडोशाला ठेवा. घराच्या लाकडी खांबाला भोकं पाडेल ही भीती असेल तर खांबाला रंग द्या. रंगवलेलं लाकूड तो सहसा घेत नाही. चावण्याचं म्हणाल तर अंगावर घिरट्या घालणारा नर असतो आणि त्याला नांगी नसते. मादीला असते, पण तिला मुठीत धरल्याशिवाय ती वापरत नाही.

पानं कुरतडली तर

उत्तम. कोवळ्या पानांवर एकेक उभं, पांढरट, गव्हाच्या दाण्याहून पुष्कळ बारीक अंडं दिसेल, नंतर पानाच्याच रंगाच्या हिरव्या अळ्या. यातली बरीचशी मॉटल्ड एमिग्रंट या फिकट हिरवट-पांढऱ्या फुलपाखराची असतात, काही कॉमन ग्रास यलो या छोट्या पिवळ्याची. दोन्ही आपली पिल्लं याच कुळातल्या झाडांवर वाढवतात. झाडाची निम्मी पानं गेली तरी तो पंधरवड्यात पुन्हा फुटतो. निंबोळी अर्कसुद्धा फवारू नका. सेंद्रिय असला तरी तो अळीला मारतोच.

पानांच्या देठावर मुंग्यांची ये-जा दिसेल. त्या टाचणीएवढ्या ग्रंथींतून गोड रस झरतो, त्यासाठी त्या येतात. पावडर टाकू नका. पिठ्या ढेकूण झाला तर ती फांदी कापा किंवा नळीच्या जोरदार धारेने धुवा. थंडीत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तर दुर्लक्ष करा.

छाटणी

फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी न केलेला तरवड काही वर्षांनी खाली उघडा आणि वर झिपरा होतो. शेंगा वाळून बी काढून झालं की, मे महिन्यात, सगळ्या फांद्या एक तृतीयांश कमी करा. पहिल्या वर्षी फक्त शेंडे खुडा. जुनं, वेडंवाकडं झालेलं झाड गुडघ्याच्या उंचीवर कापलं तरी पावसाळ्यात बुंध्यातून धुमारे येतात. पूर्वी कातडी कमावण्यासाठी त्याची साल लागायची आणि त्यासाठी तो वारंवार तोडला जायचा. पुढे वॅटल या परदेशी झाडाची साल बाजारात आली आणि तरवडाची मागणी घसरली. तोड त्याला नवी नाही.

सोसायटीत झाड असेल तर माळ्याला हे आधी सांगून ठेवा. बहर ऐन भरात असताना, ऑक्टोबरात, कुंपण 'साफ' करायची माळ्यांना फार हौस असते. तणनाशकाचा पंपही त्या बाजूला फिरकू देऊ नका.

उरलेलं थोडंसं

तरवडाची फुलं-पानं साखरेच्या आजारावर म्हणून विकली जातात. तुमच्या अंगणातला तरवड भुंग्यांसाठी राहू द्या. औषध चालू असेल तर वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचा काढा घेऊ नका.

जास्तीचं बी माळरानावर उधळायचा मोह होतो, विशेषतः बीजगोळ्यांच्या मोसमात. उधळू नका. गवताळ माळ ही रिकामी जमीन नसते. तिथे जे उगवायला हवं ते आधीच उगवत असतं, आणि तरवड तिथला असेल तर तो तिथे असतोच. त्यापेक्षा शाळेच्या कुंपणाला, गावच्या रस्त्याकडेला, कॉसमॉस लावू पाहणाऱ्या शेजाऱ्याला द्या. पुडीवर बी कुठलं आणि कधीचं ते लिहा, आणि गरम पाण्याची कृतीही लिहा. नाहीतर महिन्याभराने फोन येतो की तुमचं बी मेलेलं होतं.